मुरायला ठेवलेलं वतन

परवा स्मारक समितीचे दोघे गृहस्थ घरी आले. चहा प्याले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "गुरुजींवर स्मरणिका काढतोय. त्यांच्याबरोबर शाळेत काम केलेले आता तुम्ही एकटेच उरलात. चार पानं लिहून द्या. फक्त आठवणी गोड असाव्यात. आणि गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षराचा एखादा नमुना असला तर तोही द्या, छापू."

गोड! मी म्हटलं, गोड हवं असेल तर कोपऱ्यावर हलवाई आहे, त्याच्याकडून अर्धा किलो पेढे घ्या आणि वाटा. माझ्याकडे गोड काही नाही. ते दोघे हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. मी विनोद करत नव्हतो. तरी 'देतो' म्हणालो, आणि आता लिहायला बसलोय.

नाव मी लिहिणार नाही. या भागात ते नाव घेतलं की लोकांचे हात आपोआप जुळतात, आणि हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मला भांडायचं आहे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवड तेव्हा स्टेशन, गाव आणि मध्ये बाभळी, एवढंच. त्या शाळेत गुरुजी आधीपासून होते, मी नवा लागलो. शाळेमागच्या एका खोलीत ते एकटे राहत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. उंच, सडसडीत, नाकावर घसरलेला चष्मा, आणि डोक्यावर टोपी. टोपीचं सांगितलंच पाहिजे. एखादा शब्द त्यांच्या मनात अडकला, त्याचं मूळ सापडेना, की ते टोपी उलटी करून घालायचे. शिवण बाहेर, अस्तर वर. मूळ सापडलं की टोपी सुलट. पोरांना ते पाठ होतं. सकाळी फाटकातून गुरुजी आत आले की पोरं डोक्याकडे बघून ओरडायची, "उलटीच हाय रं अजून!"

दुसरी खोड मुरवण्याची. गुरुजी लिहिलेला कागद कधीही त्या दिवशी हातावेगळा करत नसत. मग ते पत्र असो, अर्ज असो, नाहीतर पोष्टकार्डाचे तुकडे कापून त्यावर मांडलेला शब्दांचा संसार असो. सगळं पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचं, अकरा दिवसांनी काढायचं, पुन्हा वाचायचं, आणि मगच पाठवायचं. "लोणच्याला महिना, लिहिण्याला अकरा दिवस," असं ते म्हणत. "कच्चं खाल्लं की पोट बिघडतं, कच्चं वाचलं की डोकं." ट्रंकेची किल्ली जानव्याला. आंघोळ करतानाही ती छातीवर लोंबत असे.

लोकांना याचं भारी कौतुक. आमच्या एका सहकाऱ्याची आई वारली, त्याला गुरुजींचं सांत्वनाचं पत्र बरोबर तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीत मिळालं. पुतण्याच्या लग्नासाठी रजेचा अर्ज लिहिला, तो मुरेपर्यंत नवरी सासरी जाऊन माहेरपणाला परत आली होती. आम्ही पोट धरधरून हसायचो. मीही हसायचो. माझंही हसणं त्यात आहे, ते वगळून हिशेब सांगणं बरं नव्हे.

आता कोणी म्हणेल, उपकार विसरला. नाही विसरलो. आमचं घर गावाबाहेर, निगडीकडच्या वाटेवर. त्या वस्तीला गाव महारवाडा म्हणायचं, आणि आम्ही बौद्ध झाल्यावरही तसंच म्हणायचं. त्या वस्तीत येऊन आमच्या माठातलं पाणी उभ्यानं, सगळ्यांच्या देखत पिणारा पहिला बामण म्हणजे गुरुजी. माझ्या वडिलांना 'अहो आबा' म्हणणारे तेच. माझ्या नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकणारेही तेच. सगळं खरं. पण पाणी प्यायलं म्हणून तहान कुणाची भागली, हेही कधीतरी विचारावं ना!

वतन हा शब्द त्यांना कसा डसला ते सांगतो. त्यांच्या घराण्याकडे कुठल्याशा गावचं कुलकर्णी वतन होतं. सरकारनं ते मागंच खालसा केलं होतं, त्याविरुद्धचं अपीलही फेटाळलं गेलं. घरात सुतक आल्यासारखं झालं, आणि गुरुजी मात्र शाळेत खदखदून हसत आले. "अरे, आमचं वतन गेलं म्हणून दादा रडतोय, आणि पिंपरीच्या छावणीतले सिंधीही वतन गेलं म्हणून रडतायत. शब्द एकच! एकाचा देश गेला, दुसऱ्याची दप्तराची पेटी गेली!" त्या दिवशी टोपी उलटी झाली. ती दीड वर्ष उलटी राहिली.

एक बारीक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. त्यांच्या घरची जमीन वाचली. थोरल्या भावानं वेळेत अर्ज केला, नजराणा भरला, जमीन पुन्हा नावावर करून घेतली. भावानं तो अर्ज मुरत ठेवला नव्हता.

दीड वर्षात या माणसानं काय केलं नाही! खेडच्या मौलवींकडे चालत गेले. मौलवी म्हणाले, अरबीत वतन म्हणजे माणूस जिथं ठाण मांडून राहतो ती जागा, आणि त्याही आधी, गुरं-मेंढरं रात्री जिथं बसतात ती जागा. चाकणला पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला एक पेन्शनर म्हातारा होता. तो म्हणाला, "तुर्की कैदी रडताना हाच शब्द घ्यायचे. मला वाटलं कुणा बाईचं नाव असंल." गुरुजी ते ऐकून चाकणच्या चौकात अक्षरशः नाचले. चिंचवडचा गुजराती दुकानदार म्हणाला, वतन म्हणजे गाव, वैशाखात मी वतनला जाणार, तेव्हा दुकान बंद. तेही कार्डावर गेलं.

आणि छावणीतला तो म्हातारा सिंधी. बराकीच्या दाराशी कापडाचे तुकडे विकायचा. गुरुजींनी त्याला विचारलं, "बाबा, तुमच्यात वतन कशाला म्हणतात?" म्हातारा कापड मोजायचा गज उचलून म्हणाला, "साईं, कपड़ा लेना है तो लो." गुरुजी दर रविवारी गेले. दर रविवारी एक तुकडा घेऊन आले. शाळेत सगळ्यांना फळा पुसायला झाडनं झाली, खिडक्यांना पडदे झाले. तेव्हा कुठं एक दिवस म्हातारा बोलला, "वतन वो, जहाँ गाली भी अपनी बोली में मिलती थी."

गुरुजींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. "काय बोलला रे! शिवी सुद्धा आपल्या बोलीत!"

माझ्या तोंडाशी आलं होतं, गुरुजी, आम्हाला इथंच मिळतात की आपल्या बोलीत, पिढ्यान्‌पिढ्या, त्यासाठी पिंपरीपर्यंत जायला नको. पण गिळलं. मी त्यांच्या शब्दानं लागलेला नोकर.

कारण आमच्याकडेही वतन होतं. माझे आबा वतनदार. गावाबाहेर राहणारा, दारात उभा न केला जाणारा वतनदार. घुंगुरकाठी हातात घेऊन पाटलामागं चालायचं, सारा नेणाऱ्याबरोबर ओझं घेऊन जायचं, गावात कुणी मेलं तर दहा कोस लांबच्या पाव्हण्यांना ऊन म्हणू नये, पाऊस म्हणू नये, जाऊन सांगायचं, मेलेलं जनावर ओढायचं. त्या बदल्यात ओढ्याकाठची तीन एकर जमीन. तिला हाडकी म्हणत. भाऊबंद मुंबईला गिरणीत गेले, गावकामाची पाळी आणि जमीन दोन्ही आबांच्या एकट्याच्या गळ्यात. बौद्ध झाल्यावर आबांनी घुंगुरकाठी आढ्याला खोचली आणि पाटलाला सांगितलं, "आता न्हाई." गावानं त्यावर काय काय केलं ते वेगळं पुराण आहे. जमीन तेवढी उरली. ज्वारी व्हायची, वर्षाची भाकरी सुटायची.

आणि गुरुजींनी मौलवीला विचारलं, शिपायाला विचारलं, दुकानदाराला विचारलं, सिंध सोडून आलेल्याला विचारलं. शाळेपासून दीड मैलावर माझा बाप बसला होता, त्याच्या माठातलं पाणी ते पीत होते, आणि त्याला नाही विचारलं. दीड वर्षात एकदाही नाही! त्यांच्या डोक्यातच आलं नाही की वतन नावाची वस्तू या घरात आढ्याला खोचलेली आहे. मी वाट बघत होतो. हट्टानं बघत होतो. आज विचारतील, उद्या विचारतील.

मग सरकारनं आमच्यासारख्यांची खालची वतनंही रद्द केली. तलाठ्यानं चावडीवर वाचून दाखवलं, जमीन सरकारजमा, ज्याला परत हवी त्यानं अमुक मुदतीत अर्ज करावा, जुना कागद जोडावा. आबा घरी आले आणि म्हणाले, "मास्तरांकडून लिवून घिऊ. त्यांच्या अक्षराला सायेब मान देतो."

मी घरात होतो. मी मास्तर होतो. मला अर्ज लिहिता येत नव्हता? येत होता! चार ओळींचा अर्ज, दहा मिनिटांचं काम. पण मी म्हटलं, हो, गुरुजींनीच लिहावा. मलाही वाटलं, बामणाच्या हातचा कागद मामलेदाराच्या टेबलावर वजनदार पडेल. आपलेच दात नि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला!

आबांनी कोऱ्या कागदावर खाली अंगठा उठवून दिला. वर मास्तर लिहितील ते लिहितील. आणि फडक्यात बांधलेला पणजोबांच्या वेळचा मोडी कागद दिला. तो मोडी कागद गुरुजींनी उजेडाकडे धरला. "अरे, यात शब्द कसा लिहिलाय बघ! केवढा जुना!" मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांना कागदात शब्द दिसला होता. तीन एकर दिसली नव्हती.

दिवाळीची सुट्टी लागली. जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "गुरुजी, अर्ज गेला ना?"

"झालाच म्हणून समज," ते म्हणाले. "मी जरा हैद्राबादला जाऊन येतो. तिथं एक फारसीचे जाणकार आहेत."

दिवाळी आटोपली, कचेऱ्या उघडल्या, शाळा अजून बंद होती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तलाठी वाटेत भेटला. म्हणाला, "राव, तुमचा अर्ज न्हाई यादीत. विसरलात काय?"

मी शाळेकडे पळत सुटलो. शाळेची किल्ली माझ्याकडे असायची, गुरुजींच्या खोलीला नुसती कडी. आत ट्रंक. तिला कुलूप. कुलपाची किल्ली हैद्राबादला, जानव्याला. मी बोटांवर दिवस मोजले. अर्ज लिहून नववा दिवस होता. अजून दोन दिवस मुरायचा होता!

अंगणातून धोंडा आणला. ट्रंकेपुढं बसलो. दोन घावांत कुलूप तुटलं असतं, एवढंसं कुलूप. हात वर नेला, आणि तसाच राहिलो. खोली बामणाची. ट्रंक बामणाची. आत कुणीही नाही. आणि धोंडा हातात घेतलेला मी कोण? उद्या कुणी म्हटलं, आणखी काय काय होतं ट्रंकेत? नोकरी जाईल. आबांच्या हातात बेड्या पडतील, कारण आमच्यात एकानं केलं की सगळ्यांनी केलं. मग धोंडा खाली ठेवला. हळू ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. त्या हळू ठेवण्याचा मला आजही राग येतो.

घरी गेलो, दुसरा अर्ज लिहिला, आबांचा अंगठा घेतला, गाडी पकडून पुण्याला कचेरीत गेलो. कारकुनानं अर्ज उलटा-सुलटा केला. "जुना कागद?" म्हटलं, कुलपात आहे. "मग कुलूप घेऊन या," तो म्हणाला, आणि शेजारचा हसला. पाच वाजले. खिडकी बंद.

चार दिवसांनी गुरुजी आले. टोपी सुलट! स्टेशनवरून थेट माझ्याकडे, पिशवी खांद्यावर, चेहरा उजळलेला. "अरे, सापडला! सगळा प्रवास सापडला! अरबस्तानातून इराण, तिथून..."

मी म्हटलं, "गुरुजी, अर्ज कुठाय?"

"ट्रंकेत. आज-उद्या काढू. झाले असतील ना अकरा?"

"मुदत संपली."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पण कागद तर तयार होता," ते म्हणाले. "तू कुलूप फोडायचं होतंस."

तेव्हा माझा तोल गेला. आयुष्यात मी त्यांच्यापुढं आवाज चढवला तो तेवढाच. "तुम्ही फोडलं असतं तर लोक म्हणाले असते, काय तळमळीचा माणूस! मी फोडलं असतं तर चोर म्हणाले असते. इतकं साधं तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही शब्दांची मुळं शोधता? तुर्कांचं वतन विचारलंत, सिंध्यांचं विचारलंत. माझ्या बापाचं विचारलंत कधी? त्याचं तेवढं ट्रंकेत घातलंत!"

गुरुजी जानव्याची किल्ली चाचपत उभे राहिले. मग गेले.

पुढं महिनाभर ते रोज शाळा सुटली की पुण्याला जात. कचेरीच्या पायरीवर बसत. कारकुनाला, मामलेदाराला, वरच्या साहेबाला, सगळ्यांना सांगत की चूक माझी आहे. लोक त्यांना खुर्ची देत, चहा देत, नमस्कार करत. जमीन देत नसत. बैल गेला नि झोपा केला. ओढ्याकाठची ती तीन एकर सरकारजमा झाली, आणि पुढं एका कारखान्याच्या भिंतीच्या आत गेली. आज तिथं कंपनीच्या बस उभ्या राहतात.

मग एक दिवस दुपारी गुरुजी आमच्या घरी आले. आबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. गुरुजी खाली, मातीत बसले. टोपी काढली आणि आबांच्या पायाशी ठेवली. वस्तीतली माणसं दारादारात येऊन उभी राहिली. बामणानं असं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आबांनी दोरी बाजूला ठेवली, टोपी उचलली, झटकली आणि परत दिली. "टोपी घाला मास्तर. ऊन लागंल."

गुरुजींनी घातली नाही. टोपी मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "आबा, मला सांगाल का? तुमच्याकडे वतन म्हणजे काय?"

मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता आबा शिवी देतील. मला ते हवं होतं, खोटं कशाला सांगू. आबा हसले. मी त्यांना रडताना पाहिलं होतं, पण ते हसणं त्याहून वाईट होतं.

"आता इचारता व्हय?" आबा म्हणाले. "बरं, लिवा. पर मास्तर, एक करा. ह्ये मुरत ठिवू नका."

गुरुजींनी खिशातून कोरं पोष्टकार्ड काढलं. आबा बोलले, ते लिहीत गेले. दोनदा पेन्सिल हातातून पडली. लिहून झालं तसे उठले, न वाचता, आणि उन्हात बोडक्या डोक्यानं स्टेशनच्या टपालपेटीपर्यंत चालत जाऊन त्यांनी ते कार्ड टाकलं. पत्ता माझा होता. दुसऱ्या दिवशी शाळेत पोष्टमननं ते माझ्या हातात दिलं, तेव्हा गुरुजी शेजारच्या वर्गात पाढे घेत होते. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. पुढं त्यांनी ट्रंकेचं कुलूप विहिरीत टाकलं म्हणतात, मी पाहिलं नाही. शब्दांचा नाद सुटला नाही. वतनाचं एकही कार्ड मात्र त्यांच्या ट्रंकेत नंतर कुणाला सापडलं नाही.

मी त्यांना माफ केलं का? नाही केलं. ते गेले तेव्हा खांदा दिला, आणि खांदा देतानाही नाही केलं. आबांनी केलं होतं की नाही, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

तर समितीचे गृहस्थहो, तुम्हाला अक्षराचा नमुना हवा होता. हे घ्या ते कार्ड. मोती शोधू नका, अक्षर वाकडं आहे, एक ओळ दुसऱ्या ओळीवर चढली आहे. त्या माणसानं आयुष्यात न मुरवता पाठवलेला हा पहिला कागद. त्यावर एवढंच आहे:

'वतन म्हंजी हाक. गावानं कवाबी मारायची, आमी कवाबी उठायचं. जेवताना उठलो, बायकू बाळंत व्हती तवा उठलो. जमीन व्हती म्हून उठलो. आता जमीन न्हाई. आता उठनार न्हाई.'

छापायचं तर हे छापा. आणि छापताना शुद्धलेखन सुधारू नका. त्यांनीही सुधारलं नव्हतं.